खिडकीची जागा

दुपारचं जेवण अंगावर आलंय. कोलंबीची आमटी, भात, वर वाटीभर सोलकढी. सुलोचनाबाईंचे डोळे आपोआप मिटायला लागतात. लॉजवाल्या मयेकरकाकू दारातूनच म्हणतात, "वायच पडा आता," आणि बाई पडतात. लॉज म्हणजे काय, पत्र्याखालच्या चार खोल्या. पण स्वस्त, आणि खाली काळ्या कातळावर समुद्र असा आदळतोय की खाट हादरावी. खिडकीत नवऱ्याचा फोटो ठेवलाय, तोंड समुद्राकडे करून. बघा म्हणावं पोटभर! बाईंनी स्वतः मात्र काल आल्यापासून खोलीबाहेर पाऊल टाकलेलं नाही. आधी त्यांचं बघून होऊ दे.

त्याला कारण आहे. जयसिंगरावांच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. दिरानं वचन दिलं, लेकानं दिलं, जावयानं दिलं. कावळा आपला ढिम्म. शेवटी बाई सगळ्यांना मागं सारून पुढं झाल्या. "अहो, समुद्रावर राहायचं राहिलं ना? मी नेते तुम्हाला." कावळा लगेच शिवला. तेव्हापासून बाईंच्या जिवाला एकच घोर, की हे वचन पुरं होईपर्यंत माणूस मधेच अडकून पडलाय.

लाटांचा आवाज आता इंजिनासारखा घरघरतोय. खाटेच्या दांडीवर कुणीतरी टकटक करतं.

"पुढं सरका, पुढं सरका!"

खाकी कपडे, खांद्याला चामड्याची पिशवी. जयसिंगराव! खोलीची एसटी झालीय, आणि बाईंना त्याचं काहीच वाटत नाही. त्या पदर तेवढा सावरतात.

"अगं बाई! न्यायला आलात?"

"न्यायला कशाला? उतरवायला आलोय."

"दिसला का हो समुद्र नीट? खिडकीची जागा दिलीय तुम्हाला."

जयसिंगराव खो खो हसतात. "अगं, कऱ्हाड-देवगड गाडीवर कंडक्टरकी करण्यात जन्म गेला माझा. समुद्र बघून बघून कंटाळलो!"

बाईंच्या तोंडाचा आ तसाच राहतो. खरंच की! घाटावर एवढी माणसं होती, एकाच्याही डोक्यात येऊ नये?

"मग सारखं म्हणायचात ते? एकदा समुद्रावर राहू म्हणून?"

"ते तुझ्यासाठी. तू कधी बघितलास? सासूसासऱ्यांच्या औषधात आणि पोरांच्या डब्यात अडकलेलीस. माझं काही राहिलं नव्हतं."

"मग कावळा का शिवेना?"

"सगळे त्याच्या उरावर उभे! तू गर्दी हटवलीस, तेव्हा आला बिचारा."

बाईंना हसू फुटतं, आणि हसता हसता रडू. त्या गाडीच्या पायरीवरून उतरतात तर खाली कृष्णेचा घाट आहे. आणखी एक पायरी उतरतात तर कातळ, आणि पाणी घोट्यापर्यंत.

"म्हणजे तुम्ही अडकला नाहीत कुठं?"

"तुझ्या हातचं जेवून गेलेला माणूस उपाशी राहील व्हय?"

छातीवरचं ओझं उतरतं. "मीही सुखात होते हो," बाई म्हणतात. "फार सुखात ठेवलंत मला. कधी बोलले नाही. आपल्यात असलं बोलतात कुठं?"

"बोललीस की आता."

जयसिंगराव वाकतात, बाईंच्या पदराचं टोक लाटेत बुचकळतात आणि लेकराचं पुसावं तसं त्यांचं तोंड पुसतात. "बस झालं रडणं. जा, बघ तुझा समुद्र. माझी गाडी सुटायचीय." दोनदा घंटी वाजते.

बाईंना जाग येते. ऊन कललंय. मयेकरकाकू बाहेर चहाला हाका मारतायत. गालाला ओला पदर चिकटलाय. झोपेत रडले असेन, बाई स्वतःशीच म्हणतात आणि ते टोक सहज ओठांत धरतात. खारट लागतं. आसवंही खारटच असतात, त्यात काय!

मग दातांखाली वाळू कचकन लागते.