दीर्घिकेची सुईण

तव्यावर नाचणीची भाकर टाकली आणि दार वाजलं, तशी कोंडीआजी दचकलीच. पोशेऱ्यात सकाळचं दार कुणी वाजवत नाही, अंगणातूनच हाक मारतात. ती गावची सुईण होती तेव्हाची गोष्ट वेगळी. आता कळा सुरू झाल्या की फोन करून गाडी मागवतात आणि बाई थेट मोखाड्याच्या दवाखान्यात. चांगलंच आहे, आजी म्हणायची. पण कान दाराशीच असायचे.

दारात शेजारची सपना, दिवस भरत आलेली, धापा टाकत सांगू लागली. तिची नणंद हर्षदा नाशिकला शिकते, सुट्टीला आलेली. सकाळपासून फोनवर सरांशी एकच बोलणं चाललेलं, की दीर्घिकेत जन्म थांबलेत, गॅस तापलाय.

"कोण ही दीर्घिका?"

"असेल मैत्रीण. शहरात अशीच नावं ठेवतात."

आजीने भाकर उतरवली, पदरात ओवा बांधला, तेलाची बाटली घेतली आणि सपनाच्या आधी तिच्या घरी पोचली. हर्षदा ओट्यावर होती. आजीने विचारलं, गॅस कधीपासून, पोट फुगलंय का तिचं?

हर्षदा बघतच राहिली आणि मग डोळ्यांत पाणी येईतो हसली. दीर्घिका म्हणजे बाई नव्हे, आभाळातला अब्जावधी ताऱ्यांचा मेळा. आपला सूर्यही अशाच एका दीर्घिकेतला. तिच्यातला वायू थंड होऊन गोळा झाला की तारे जन्मतात. काहींच्या मधोमध एक भलंमोठं कृष्णविवर असतं, ते गिळता गिळता भोवतीचा वायू तापवतं. मग नवे तारे होत नाहीत, दीर्घिका निवांत होते.

आजी खालीच बसली. जन्मभर तिने पाणी तापवलं, तेल कोमट केलं, बाळंतिणीजवळ शेगडी ठेवली.

"गार असला तर जन्म, आणि तापला की बंद? उलटंच आहे हे."

पुढचं तर त्याहून अवघड. नव्या ताऱ्यांची दीर्घिका निळसर दिसते, थांबलेली तांबूस. आजीच्या हातात निळं पोर आलं की तिचा जीव खालीवर व्हायचा. लाल झालं की जगलं म्हणायचं.

"मग ती मेली का?"

"नाही गं आजी. जुने तारे किती तरी काळ जळत राहतात. पण थांबतात त्या सगळ्या कृष्णविवरामुळेच का, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही."

"मग दिवसभर करते काय ती?"

सपना खुदकन हसली, म्हणाली, तुझ्यासारखीच दारात बसून वाट बघत असेल.

आजी हसली नाही. पदरातला ओवा सोडून तिने सपनाच्या ओंजळीत ठेवला. सपनाचं पोट बरंच खाली उतरलंय, वेळ जवळ आलीय, हे तिने केव्हाच पाहिलं होतं.

"सपने, गाडी आली की मलाही घे. तिथे मी कशाला हात लावणार नाही. तुझ्याजवळ नुसती बसेन."