अंगठा झाकायचा राहिला

मी पुण्याची आहे, त्यामुळे दुसऱ्याला नियम समजावून सांगायची मला पहिल्यापासून हौस. मेलबर्नला आल्यावर त्याच हौसेची नोकरी झाली. बांधकामाच्या ठेकेदारांना मी शिकवते: माणूस कामावर घ्यायच्या आधी त्याचा व्हिसा सरकारी वेबसाइटवर कसा तपासायचा, तपासल्याची नोंद कशी ठेवायची, आणि एखाद्या सकाळी इमिग्रेशनचे अधिकारी साइटवर येऊन उभे राहिले तर फाइल कोणी पुढे करायची. ठेकेदार जांभया देतात. म्हणून सुरुवातीलाच मी त्यांना थोडं घाबरवते. घाबरलेला माणूस नीट ऐकतो, असा माझा अनुभव होता आणि त्याचा मला अभिमानही होता.

गेल्या वर्षी डँडेनॉन्ग या उपनगरातल्या एका सेशनसाठी मला ब्रिजिंग व्हिसाचा नमुना हवा होता. जुना व्हिसा संपलाय, नव्या अर्जाचा निर्णय आलेला नाही, तोवर इथे राहायची परवानगी म्हणजे हा व्हिसा. काहींना त्यावर काम करता येतं, काहींना नाही. ते पत्रात स्पष्ट लिहिलेलं असतं, पण ठेकेदार नुसतं नाव ऐकूनच बिचकतात. त्यांची ही भीती घालवायची असं मी ठरवलं होतं. माझा हेतू चांगला होता. पुढे कित्येक दिवस मी तेवढ्या एकाच गोष्टीला धरून बसले होते, म्हणून तो इथे लिहून टाकते.

नमुना माझ्या फोनमध्येच होता. वेरिबीत राहणारा, मूळचा साताऱ्याकडचा एक फरशी बसवणारा. ग्लेन वेव्हर्लीच्या आमच्या घरातलं बाथरूम त्यानेच केलं होतं, आणि त्याचं काम इतकं नेटकं की मी येणाऱ्याजाणाऱ्याला बाथरूम दाखवत सुटले होते. घरात मराठी ऐकलं तशी पहिल्याच दिवशी मी त्याची ताई झाले. पुढे त्याचा व्हिसा संपला, हे पत्र आलं, आणि त्याने त्याचा फोटो काढून मला पाठवला. "ताई, एवढ्यावर काम करता येईल ना? वाचलंय मी, पण भीती वाटते. तुम्ही एकदा बघा." मी बघितलं आणि कळवलं, बिनधास्त कर, पूर्ण परवानगी आहे.

तोच फोटो मी स्लाइडवर टाकला. त्याला विचारलं नाही. विचारायला हवं हे मला सुचलंच नाही असंही नाही. सुचलं होतं. पण नाव तर दिसणार नाही, मग कशाला, म्हणून मी ते सोडून दिलं. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, सगळ्यावर काळ्या पट्ट्या मारल्या आणि स्वतःच्या काटेकोरपणावर खूश झाले. कागदाची कड धरलेला त्याचा अंगठा मात्र तसाच राहिला. ग्राइंडरने अर्धं नख गेलेला आणि उरलेलं वाकडं वाढलेला अंगठा. पडद्यावर तो हातभर मोठा दिसत होता आणि मी त्याच्याच शेजारी उभी राहून बोलत होते.

चहाच्या वेळी एक ठेकेदार कप घेऊन माझ्याकडे आला. आपल्याकडचाच, हिंदी बोलणारा.

"मॅडम, ये अंगूठा तो मेरे टाइलर का है. मेरी ही साइट पे कटा था."

मी म्हटलं, उसको काम की पूरी परमिशन है, लेटर में लिखा है.

"हाँ, वो तो देखा. पर मुझे लगा था उसका परमनंट वीज़ा हो गया. और आपने ही तो बोला, डाउट हो तो रुक जाओ."

बोलले होते. लाल अक्षरात लिहिलंही होतं. तिथल्या तिथे त्याला खुर्चीवर बसवून, फरशीवाल्याला फोन लावून, वेबसाइटवर त्याच्या डोळ्यांदेखत तपासणी करून देता आली असती. दहा मिनिटांचं काम. पण माझा मॅनेजर चार पावलांवर बिस्किट खात उभा होता, आणि हे पत्र कुठून आलं असं त्याने विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आवाज खाली घेतला, "आप देख लीजिए" म्हटलं आणि लॅपटॉपकडे वळले.

सोमवारी संध्याकाळी फरशीवाल्याचा फोन आला.

"ताई, मालक म्हणतो निर्णय येईपर्यंत थांब. कागदात काही गडबड आहे का?"

"नाही रे. कागद अगदी ठीक आहे."

"मग तुम्ही त्याला एक फोन कराल का? तुमचं हेच काम आहे ना, तुमचं ऐकेल तो."

मी म्हटलं, आम्हाला असं कुणासाठी फोन करता येत नाही, ऑफिसचा नियम आहे. असा कुठलाही नियम नाही. नियमांवर दिवसभर बोलणाऱ्या मी तो त्या क्षणी तयार केला. तो म्हणाला, "हो हो, बरोबर आहे. तुमच्यावर काही यायला नको." आणि त्रास दिल्याबद्दल सॉरी म्हणून त्याने फोन ठेवला.

शेजारी गृहपाठ करणाऱ्या माझ्या मुलीने मान वर केली. "आई, व्हाय कान्ट यू जस्ट कॉल हिम?" मी तिला, तू तुझा अभ्यास कर, म्हणून झापलं.

त्या ठेकेदाराचा नंबर हजेरीच्या यादीत होता. दोनदा मी तो काढला. दोन्ही वेळा, आता उशीर झाला, असं स्वतःला सांगून ठेवून दिला. मला लाज वाटत होती, पण ती लाज फोन उचलण्याइतकी मोठी कधी झाली नाही. स्लाइड तेवढी मी बदलली.

काही महिन्यांनी वेरिबीत मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. फरशीवाला बायकोबरोबर आला होता. मी त्याला टाळत होते, त्यानेच मला शोधून काढलं. सध्या एका वेअरहाउसमध्ये खोकी उचलतो म्हणाला. निर्णय अजून आलेला नव्हता, आणि पुढच्या दोन ठेकेदारांनीही पत्र पाहून नको म्हटलं होतं. मालकाबद्दल वाकडं काही बोलला नाही. बायकोने माझ्या ताटलीत आग्रहाने चकल्या वाढल्या, आणि मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलं तेवढ्यात त्याने मागे उभ्या असलेल्या एका पेंटरला हाताने पुढे ओढलं.

"ताई, ह्यालापण तसंच पत्र आलंय. कुणाला दाखवायला घाबरतोय. मी म्हटलं, आमच्या ताईंना दाखव, त्या कुठे बोलत नाहीत."

पेंटरने फोन माझ्यापुढे धरला. मी ताटली खाली ठेवली, पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि म्हटलं, काम करता येईल.