बासुंदीला नको म्हणताना

काल पुतणीच्या साखरपुड्यात मी पुन्हा बासुंदी खाऊन बसलो. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, हे वाढणाऱ्या वहिनींना ठाऊक नव्हतं; मला होतं. "माझ्या हातची आहे, भावोजी," एवढं त्या म्हणाल्या आणि पुन्हा नाही म्हटलं तर त्यांना काय वाटेल, या काळजीत मी रक्तातल्या साखरेची काळजी विसरलो. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी मात्र वाटीवर हात आडवा धरला, "बास हं" म्हणाले, आणि वहिनी हसत पुढे गेल्या. कुणी रुसलं नाही. मग इतकी वर्षं मी नेमकं कुणाचं मन राखतोय, तेच कळेना.

घरी येताना बायकोला म्हटलं, "मी नको म्हणालो होतो गं."

"म्हणालात की," ती म्हणाली, "पण वाटी पुढे करून."