चार महिन्यांची गिटार

आमच्या घरात सगळ्यांत जास्त जपायची वस्तू म्हणजे लंकावन्संच्या डाव्या हाताची बोटं. वन्सं माझ्या नणंद, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. त्यांना सटाण्याला दिलं होतं. आठ वर्षांनी एक पत्र्याची पेटी घेऊन त्या पंचवटीत माहेरी आल्या, त्या परत गेल्या नाहीत. मी कधी काही विचारलं नाही. आल्यावर त्या जुन्या नाशकातल्या एका रफूवाल्या चाचांकडे जाऊन रफू शिकल्या आणि पुढं खिडकीशी बसून वर्षानुवर्षं तेच केलं.

कोणाचा शालू उंदरानं कुरतडला, कोणाची पैठणी पेटीच्या कडीत अडकून फाटली, की लोक आमच्याकडे यायचे. वन्सं कापडाखाली डावा हात घालायच्या आणि वरून सुई चालवायच्या. खालच्या बोटांना एकेक धागा कळावा लागतो. बोट जरा खरखरीत झालं की रेशीम त्याला धरतं, धागा ओढला जातो, आणि आहे त्याहून नुकसान मोठं होतं. म्हणून वन्सं राखेनं भांडी घासत नसत, धुणं धूत नसत, झोपण्याआधी बोटांना साय चोळत. भांडी, धुणं, फरशी सगळं माझ्याकडे. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या बोटांना साय आणि माझ्या चहात पाणी." ह्यांचा सातपूरचा कारखाना कधी चालू, कधी बंद. घर त्या बोटांवर चालतंय हे मला कळत होतं. पण कळलं म्हणून कंबर दुखायची थांबत नाही.

शरणपूर रोडला साळवे नर्सबाई राहायच्या. त्यांची साडी परत द्यायला वन्सं गेल्या, तर बाई गिटार वाजवत बसलेल्या. मग दर रविवारी दुपारी तासभर वन्सं तिकडे जायला लागल्या. बाईंनी त्यांना चार धुना शिकवल्या. दोन वर्षं हे चाललं. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात बाई मिरजेच्या दवाखान्यात नोकरीला गेल्या आणि गिटारही त्यांच्याबरोबर गेली. जाताना सांगून गेल्या, "घेतलीस तर क्लासिकल घे, लंका. नायलॉनच्या तारांची. लोखंडी तारांनी बोटांना घट्टे पडतील, मग तुझी रफू संपली."

वन्संनी घरात विषय काढला तेव्हा सासूबाई ज्वारी निवडत होत्या.

"गिटार? सिनेमात ती पोरं गळ्यात अडकवून नाचतात, ती?"

"ती नाही, आई. क्लासिकल."

"म्हणजे शास्त्रीय? मग तसं सांग ना. रेडिओवर लागतं तसलं. मग अभंगसुद्धा येईल तिच्यावर."

वन्सं कधी कोणाचं खोडत नसत. हेही खोडलं नाही, आणि परवानगी मिळाली.

मी मात्र स्वयंपाकघरात बोललेच. "भांड्यांना दिली नाहीत ती बोटं गिटारीला देणार होय?"

"मऊ तारा असतात, वहिनी. दोन वर्षं वाजवली, काही झालं नाही."

"ते आठवड्यातून एकदा होतं."

"हो," त्या म्हणाल्या आणि पाटावरून उठून गेल्या.

लग्नसराई संपली तशा आम्ही दोघी मेन रोडच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानभर पेट्या, तबले, टाळ. गिटारी तीनच, वर टांगलेल्या.

"क्लासिकल गिटार आहे का?" वन्संनी विचारलं.

"क्लासिकलला सतार घ्या ताई. गिटारीवर कुठलं आलंय क्लासिकल?"

"नायलॉनच्या तारांची म्हणते मी."

"ती होय. तिला कोणी विचारत नाही. ही लाल बघा, स्वस्तात देतो. आवाज पार चौकापर्यंत जातो."

"मला घरातच वाजवायचीय."

तरी स्वस्त म्हणून वन्संनी लाल गिटार मांडीवर घेतली. लोखंडी तारेवर बोट दाबून चांगला वेळ बसल्या. मग पिशवीतून रेशमाची एक चिंधी काढली आणि तेच बोट तिच्यावरून हळूच ओढलं.

"ताई, गिटार घ्यायला आलात का ब्लाउजपीस?" दुकानदार म्हणाला.

वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "धरतंय."

मग दुसरी काढली. धुळीनं माखलेली, साधी तपकिरी, कलकत्त्याची. तिसरी मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती, ती नकोच होती. ह्या तपकिरीला नायलॉनच्या तारा होत्या आणि आवाज पितळी डब्यात बोलल्यासारखा, खोल आणि लहान. बोट चिंधीवरून सरळ घसरलं. पण दुकानदारानं किंमत सांगितली. वन्संजवळ तेवढे नव्हते.

त्यांनी गिटार उलटी केली. पाठीवरून डाव्या हाताची बोटं फिरवत गेल्या, साडीवरून फिरवतात तशी. खालच्या बाजूला बोट थांबलं.

"इथं चीर आहे."

"कुठंय? मला तर दिसत नाही."

"दिसणार नाही. वरून पॉलिश केलंय."

दुकानदारानं चष्मा लावला, गिटार दाराशी उजेडात नेली, नखानं टकटक केलं. आत बघितलं. "आतून पट्टी लावलीय," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. "मला खरंच ठाऊक नव्हतं, ताई. आली तशी टांगली होती."

"पट्टी चांगली बसवलीय. टिकेल. पण भाव फाटक्या साडीचा लावा."

तो हसला आणि वन्संच्या जवळ होतं तेवढ्यावर आला. परतीच्या भाड्याला काही उरलं नाही. जुन्या लुगड्यात गिटार गुंडाळून आम्ही पुलावरून चालत आलो. गल्लीत पिठाच्या गिरणीतून कोंडाजी म्हणाला, "लंकाताई, केवढा हा भोपळा!"

सासूबाईंनी गिटारीला हळदकुंकू लावलं. "वाजव आता काहीतरी." वन्संनी नर्सबाईंची एक धून वाजवली. ती चर्चमधली होती, मला माहीत होतं. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"राग कोणता हा?"

"अजून शिकतेय, आई."

मी रामाला दिवा लावत होते. तिथूनच मनातल्या मनात हात जोडले.

त्या वर्षी वन्संनी रोज वाजवलं. संध्याकाळी सुई खाली ठेवली की तासभर गिटार. तुळशीचं लग्न झालं आणि पिंपळगावच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या बायकोनं मुलीच्या लग्नाचा शालू आणून टाकला. मी जवळच तांदूळ निवडत होते. वन्संचा हात कापडाखाली एकदम थांबला. त्यांनी तो तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "वहिनी, हलू नका. धागा धरलाय."

वीतभर ओढला गेला होता. माझं सुपात लक्ष लागेना. वन्संनी दोन दिवस बसून तो धागा सुईनं तसूतसूनं मागं नेला. व्यापारीणबाईंना काही कळलं नाही, शालू घेऊन गेल्या. मग वन्संनी बोटं खिडकीच्या उजेडात धरली. नायलॉन मऊ खरं, पण रोजच्या रोज म्हटल्यावर तेही आपलं काम करतं. 'मी म्हटलं नव्हतं?' हे माझं वाक्य ज्येष्ठापासून तयार होतं. पण त्यांचा चेहरा बघून मला ते बोलायचा कंटाळा आला.

"विकून टाकू का?" त्यांनी विचारलं.

"चिरेची कोण घेणार?"

तारा सैल करून, लुगड्यात गुंडाळून त्यांनी ती कपाटावर टाकली. ज्येष्ठापर्यंत नुसतं रेशीम आणि रेशीम. मग आषाढ लागला, लग्नं थांबली. एकदा लग्नं थांबली की कोणी शालूची घडीसुद्धा मोडत नाही, रफूला येतात त्या सुती साड्या आणि पँटी. एकादशीला मी भगर शिजवत होते, तेव्हा वन्संनी गिटार खाली काढली आणि पुसायला घेतली.

सासूबाईंनी पाहिलं. "चातुर्मासाचा नेम धरलास वाटतं?"

वन्संनी फडकं खाली ठेवलं. "हो, आई."

आमच्याकडे नेम म्हणजे सासूबाईंनी वांगं सोडायचं, मी सोमवारी एकवेळ जेवायचं. त्यात आता गिटार बसली. गल्लीतल्या अक्काबाई विचारायला आल्या, "कोणत्या देवाचा हो हा नेम?" सासूबाई म्हणाल्या, "तसलं नाही ते. शास्त्रीय आहे."

पुढं दरवर्षी तसंच. आषाढात बोटं दुखायची, श्रावणात विसरलेलं आठवायचं, भाद्रपदात हात चालायला लागायचा, अश्विनात खरं वाजायचं, आणि कार्तिकात बंद. मग पंधरा दिवस कोमट पाणी, साय, आणि रोज सकाळी चिंधीवर बोट ओढून बघणं. नर्सबाईंच्या चौथ्या धुनेत एका जागी हात पार वरून खाली आणावा लागतो. दरवर्षी वन्सं त्या जागेपाशी यायच्या आणि कार्तिक यायचा.

"कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"येतो की. पण आता नेम म्हटल्यावर काय करता."

पंच्याऐंशी साली सासूबाई कॅलेंडर नाकाशी धरून म्हणाल्या, "औंदा अधिक आहे. दोन श्रावण."

वन्सं खिडकीशी होत्या. "म्हणजे कार्तिक लांबला?"

"लांबला की एक महिना."

मी म्हटलं, "तुमचं बरंय. मला आता तेहतीस अनारसे तळायचे."

"तुम्ही तळा, मी वाजवते," वन्सं म्हणाल्या. दमलेल्या बाया हसतात तशा आम्ही हसलो.

त्या वर्षी अश्विन संपता संपता एका संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि ती धून नेहमीच्या जागी अडली नाही, पुढं गेली. शेवटपर्यंत गेली. वन्संनी ती लगेच परत वाजवली, परत नीट आली. सासूबाईंना डुलकी लागली होती.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस त्यांनी दुसरं काही वाजवलं नाही. तुळशीचं लग्न लागलं, मुरमुरे-बत्तासे वाटून झाले. वन्सं गिटार घेऊन बसल्या आणि खुंट्या उलट्या पिळायला लागल्या.

"एकदा वाजवा ना अजून," मी म्हटलं.

"नको वहिनी. पंधरवड्यानं शालू यायचाय," त्या म्हणाल्या आणि दुसरी खुंटी पिळली.