पाहुण्यांसमोरची वायर

आमच्या गच्चीवर सोलर बसलं त्या दिवशी मी गल्लीतल्या प्रत्येकाला वर नेऊन दाखवलं. मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत ते पहिलंच. उभा जन्म चिकलठाण्याच्या कारखान्यात मोटारींचं वाइंडिंग करण्यात गेला, त्यामुळं विजेबद्दल मला कुणी काही शिकवू नये असा माझा तोरा. बसवायला आलेल्या कारागिरांना मी इतके सल्ले दिले की त्यातला एक शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, तुम्ही खाली जाऊन चहा घ्या ना."

मग वीज कंपनीचा माणूस नवा मीटर लावून गेला. हा मीटर दोन्ही बाजूंनी मोजतो, घरात येणारी वीजही आणि गच्चीवरून बाहेर जाणारीही. बाहेर गेलेले युनिट आपल्या नावावर जमा होतात आणि पुढच्या बिलांतून वजा होतात. हे कळलं आणि माझ्यातला मेंढपाळ जागा झाला. आम्ही देवगाव रंगारीकडचे धनगर. कळप वाढताना बघण्यासारखं सुख आम्हाला दुसरं नाही. मी भर दुपारी पंखे बंद करायला लागलो. वॉशिंग मशीन नको, मिक्सर नको, टीव्हीचं तर नावच नको. "युनिट जमू दे," एवढंच म्हणायचो.

बायको पदरानं वारा घेत बसायची. "अहो, मेंढरं निदान लोकर तरी देतात," ती म्हणायची. "तुमचे हे युनिट काय अंगावर पांघरायचे?"

तिचंच खरं निघालं. मार्चअखेर वर्ष संपलं की उरलेले युनिट कंपनी पडत्या भावानं घेते आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात होते, हे मला फेब्रुवारीत कळलं. आधी कागद नीट वाचायची तसदी घेतली नव्हती. मी तोंड पाडून बसलो आणि हिनं लगेच तीन गोधड्या मशीनमध्ये कोंबल्या.

"त्यापेक्षा शेजारच्या वहिनींना द्या की," ती म्हणाली.

तसे देता येत नाहीत, नियम नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. पण खरं म्हणजे ते न देताच जातात. जास्तीची वीज गच्चीवरून निघाली की लांब कुठं जात नाही. जवळ जिथं पंखा फिरत असेल तिथंच ती खपते. म्हणजे वहिनींच्याच घरात.

"मग फेड चाललीये म्हणा," ती सहज म्हणाली. मला ते लागलं. ती उठून गेली तरी मी तिथंच बसून राहिलो.

आम्ही या गल्लीत आलो तेव्हा शहरात कारखाने धडाधड उभे राहत होते आणि माझ्यासारखे गावाकडचे लोक मिळेल त्या पत्र्याखाली संसार मांडत होते. आमच्या खोलीला मीटर नव्हता. शेजारी भिंतीला भिंत लावून राहणाऱ्यांना सगळे भाऊ म्हणायचे, ते माझ्याच पाळीत कामाला होते. आम्हाला येऊन आठवडा झाला नसेल, तर त्यांच्या बायकोनं, म्हणजे या वहिनींनी, खिडकीतून वायर आत टाकली. "भाऊजी, एक बल्ब लावून घ्या. अंधारात भाकरी करपते." त्या विजेचा एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही.

ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून मोर्चे निघायचे. भाऊ क्रांती चौकात मोर्चाला जायचे, त्यांचा खाडा पडायचा, दुसऱ्या दिवशी ते हसतच कामावर हजर. गावाकडं मात्र याच मागणीवरून वस्त्या पेटत होत्या. मी भाऊंसमोर त्यांच्या बोलण्याला मान डोलवायचो आणि गावी गेलो की गावकऱ्यांच्या. आमच्या गावात त्यांच्या समाजाच्या घरचं पाणी चालत नसे. वीज चालते की नाही हे कुणी ठरवलं नव्हतं.

तेवढ्यात आबा, माझे वडील, राहायला येतो म्हणाले. ते यायच्या आदल्या दिवशी मी खिडकीतली वायर ओढून काढली, गुंडाळली आणि वहिनींच्या ओट्यावर ठेवून आलो. बल्ब ज्वारीच्या डब्यात खाली दाबून टाकला. आबा आठ दिवस राहिले. खांद्यावरची घोंगडी अंथरून ते कंदिलाच्या उजेडात बसायचे. एकदा म्हणाले, "शहरात बी कंदीलच व्हय रे?" मी म्हणालो, "मीटर नाय आला अजून." त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच मला माझी जास्त किळस आली.

आबांना एसटीत बसवून मी परत आलो तेव्हा वहिनी खिडकीशी उभ्या होत्या, हातात वायरचं टोक. "पाहुणे गेले का? घ्या."

एवढंच म्हणाल्या. मी वायर घेतली, पण मान काही वर करता आली नाही.

पुढं आमचा मीटर आला. दोन्हीकडं पक्की घरं झाली. विद्यापीठाला नाव लागलं तेव्हा भाऊंनी गल्लीभर पेढे वाटले, त्यातले दोन मी मागून घेऊन खाल्ले. एकमेकांच्या घरी जेवणं सुरू झाली ती आजतागायत. भाऊ गेले तेव्हा खांदा देणाऱ्यांत मी होतो. पण त्या आठ दिवसांचा विषय मी कधी काढला नाही आणि वहिनींनीही काढला नाही. माफी मागायची राहून गेली होती, आणि माणसं तर एकेक करून चालली होती.

यंदा जयंतीच्या दिवशी वहिनींकडं लेकी, जावई, नातवंडं, घर नुसतं भरलेलं. सकाळी दहाच्या सुमाराला त्यांच्या घराला येणारी वायर खांबाजवळ जळाली. दुरुस्तीवाला दुपारनंतर येतो म्हणाला. उन्हाची काहिली, एकही पंखा नाही आणि पुरण वाटायचं बाकी. नेमका त्याच दिवशी आमच्याकडं गावाहून माझा थोरला चुलतभाऊ आलेला. फेटा, उपरणं, सगळं जुन्या वळणाचं. कोचावर बसून तो सोलरची चौकशी करत होता.

वहिनी पुरणाचं पातेलं घेऊन दारात आल्या. "तुमच्या मिक्सरवर जरा..." म्हणता म्हणता त्यांचं लक्ष फेट्याकडं गेलं.

मी म्हणालो, "पुरणाचं काय घेऊन बसलात? आमच्याकडं चालू आहे. थांबा, वायरच टाकतो."

त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "पाहुणे आहेत ना घरी. राहू द्या. ते गेल्यावर द्या."

मला भडभडून आलं. त्यांनी टोमणा मारला असता तर सोसला असता. पण त्या खरोखरच माझी अडचण सांभाळत होत्या, इतक्या वर्षांनीही.

मी माळ्यावरून वायरचं भेंडोळं काढलं, बैठकीतल्या बोर्डात पिन खोचली आणि वायर चुलतभावाच्या पायांपुढून खिडकीकडं ओढली.

"कुठं चालली रं ही?" त्यानं विचारलं.

"वहिनींच्या घरात," मी जरा जोरातच बोललो. राग माझा माझ्यावरच होता. "आमचा संसार ह्यांच्या विजेवर उभा राहिला. आबा आले तेव्हा मी ती वायर काढून टाकली अन् बल्ब लपवला. तुझ्यापुढं सांगतो अन् त्यांच्यापुढं सांगतो. चुकलो मी, वहिनी."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मग चुलतभाऊ म्हणाला, "आबांना म्हाईत व्हतं की. चिमण्यांना टाकायला ज्वारी घेतली, तर डब्यातून बल्ब निघाला. परत तसाच दाबून ठिवला म्हणायचे. आठ दिस वाट बघितली, पोरगं सांगंल."

"चिडले होते का?"

"त्ये काय मला म्हाईत नाय. लई खेपा सांगायचे, एवढं खरं."

आबांना जाऊन किती वर्षं झाली. ते काय म्हणाले असते हे आता मला कधीच कळणार नाही. मी त्यांना म्हणायला जागाच ठेवली नव्हती.

वहिनींनी पातेलं खाली ठेवलं. "आमच्याकडं त्या आठ दिवसांत रोज भांडण," त्या म्हणाल्या. "हे म्हणायचे, वायर परत द्यायची नाय. मी म्हणायची, त्या बाईचा काय दोष? ती अंधारात भाकरी थापतीये." आणि माझ्या बायकोकडं बघून हसल्या. "शेवटी माझं ऐकलं त्यांनी."

चुलतभाऊ गुडघ्यावर हात टेकून उठला. त्यानं वायरचं टोक उचललं आणि वहिनींना विचारलं, "कोणत्या खिडकीतून घ्यायची?"

दुपारी आम्ही सगळेच तिकडं जेवलो. दुरुस्तीवाला आला, त्यांची वीज चालू झाली, तशी वहिनी आमची वायर गुंडाळायला लागल्या. मी म्हणालो, "ती आता तुमच्याकडंच राहू द्या."