शिशाचे आप्पे

बहारीनला असताना मी एका नेमबाजीच्या क्लबात टायपिस्ट होते. सनद नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरापासून अस्कर गावाच्या वाटेला लागलं की उजव्या हाताला उघडी वाळू होती आणि त्या वाळूत क्लबाचं बैठं ऑफिस. मेंबर बहुतेक इंग्रज, थोडे बहारीनी. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ते यायचे, यंत्रातून मातीच्या तबकड्या आकाशात उडवायचे आणि बंदुकीनं फोडायचे. माझ्या रत्नागिरीच्या सासूबाईंना मी हे पत्रातून कळवलं, तेव्हा त्यांनी उलट लिहिलं, "बशा फोडायचा पगार मिळत असेल तर आमच्या धाकटीलाही बोलावून घे, ती फुकट फोडते."

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. एका सकाळी सेक्रेटरीसाहेबांच्या टेबलावर मला विलायतेहून आलेलं एक मासिक दिसलं. साहेब सैन्यातून मेजर म्हणून निवृत्त झालेले, मिशा इस्त्री केल्यासारख्या. मासिकातल्या एका मथळ्याखाली त्यांनी लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती. मी वाचलं, 'लीड सोडण्याची वेळ आली.' शाळेत मला लीड म्हणजे पुढारीपण एवढंच शिकवलेलं. मला वाटलं, साहेबांना पद सोडायला सांगताहेत. तीन दिवस मी त्यांना चहाबरोबर जास्तीची बिस्किटं दिली.

चौथ्या दिवशी कमिटीची मीटिंग झाली आणि ती टिपून घेताना उलगडा झाला. स्पेलिंग तेच, पण तो शब्द लेड. लेड म्हणजे शिसं. काडतुसातले छर्रे शिशाचे असतात आणि आता परदेशात ते बंद करून पोलादाचे वापरा असं म्हणायला लागले होते.

हा विषय लावून धरला होता एका डॉक्टरीणबाईंनी. त्या स्कॉटलंडच्या, उंच, सडसडीत, आणि पक्ष्यांच्या बाबतीत अतिशय हळव्या. त्यांनी कमिटीला समजावून सांगितलं, की पक्ष्यांना दात नसतात. ते पोटात अन्न दळायला बारीक खडे गिळतात. वाळूत पडलेले छर्रे त्यांना खड्यांसारखेच दिसतात, आणि गिळले की विष भिनतं.

"हिवाळ्यात इथे फ्लेमिंगो येतात," बाई म्हणाल्या, "त्यांना आपण विषाचं ताट वाढून ठेवतोय."

समोर एक जाडेजुडे इंजिनियर बसले होते. ते या सुधारणेच्या पक्के विरुद्ध.

"फ्लेमिंगो पाण्यात उभे राहतात. आपलं मैदान कोरडं ठणठणीत आहे. एक तरी फ्लेमिंगो इथे चहाला आलेला बघितलाय कुणी?"

"लहान पक्षी येतात ना!"

"आणि माझी बंदूक आजोबांची आहे. पोलादानं नळीला ओरखडे पडतील. आजोबांना काय वाटेल?"

"तुमचे आजोबा वारलेत," बाई म्हणाल्या. "पक्षी अजून जिवंत आहेत."

मी हे सगळं इमानदारीनं टिपलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आजोबांचं वाक्य खोडलं.

मग बाईंनी मला शिशाच्या दुष्परिणामांवर चार पानांचं टिपण टाइप करायला दिलं. पोट दुखतं, डोकं भणभणतं, माणूस चिडचिडा होतो. इथपर्यंत मी मजेत होते, कारण हे सगळं इंजिनियरसाहेबांना लागू होतं. चौथ्या पानावर होतं, की शिसं घरात, विशेषतः स्वयंपाकघरात, कधीही वितळवू नये. मला हसूच आलं. स्वयंपाकघरात शिसं वितळवणारा येडा कोण असेल?

त्या संध्याकाळी मी घरी आले तर आमची सहा वर्षांची लेक अंगणात खेळत होती. मला बघून ओरडली, "मम्मी, पप्पा इज मेकिंग सिल्व्हर आप्पे!"

मी आत धावले. आमचे हे गॅससमोर उभे होते. एसी दुरुस्तीच्या कामावरून आलेले, अजून त्याच कपड्यात. गॅसवर दूध तापवायचं जुनं पातेलं, आणि ओट्यावर माझ्या आईनं लग्नात दिलेलं बिडाचं आप्पेपात्र. त्याच्या सात खळग्यांत सात चकचकीत आप्पे.

"हे काय?"

"हात नको लावू, गरम आहेत," हे म्हणाले. जणू मी चटणी घेऊन खायलाच बसणार होते.

आमचे हे खाडीकाठचे. गळ टाकल्याशिवाय त्यांचा आठवडा पुरा होत नसे. शुक्रवारी मला न्यायला क्लबावर लवकर यायचे आणि नेमबाजी आटोपली की "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून मैदानात जायचे. पाय मोकळे करताना बरोबर माझी पिठाची चाळणी असायची, हे मला त्या दिवशी कळलं. वाळू चाळून छर्रे गोळा करायचे, वितळवायचे आणि गळाच्या दोरीला लावायची वजनं बनवायची, हा उद्योग चार महिने चालला होता.

"अहो, विष आहे ते! मी आजच चार पानं टाइप केलीत!"

"अगं, माझा बाप जन्मभर शिसं बांधून मासे धरत होता."

"तुमचा बाप शिसं आप्पेपात्रात शिजवत नव्हता!"

त्यांनी गॅस बंद केला. मग म्हणाले, "घासून घेतलं की होईल पहिल्यासारखं."

"आधी तुमचं डोकं घासून घ्या," मी म्हटलं आणि मला रडू आलं. त्या पात्रात मी गेल्याच रविवारी आप्पे केले होते आणि आम्ही तिघांनी मिळून एकवीस खाल्ले होते.

दुसऱ्या दिवशी लाज बाजूला ठेवून मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आप्पे म्हणजे काय ते आधी नीट विचारून घेतलं. मग गंभीर चेहऱ्यानं चिठ्ठी लिहिली, आणि आम्ही तिघं सलमानियाच्या इस्पितळात जाऊन रक्त तपासून आलो. रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. रिपोर्ट चांगला आला. ह्यांनी तो शेजाऱ्यांना परीक्षेच्या निकालासारखा दाखवला.

पण निस्तरायचं पुढेच होतं. ह्यांनी ती वजनं एकट्यासाठी केलेली नव्हती. सनदमधल्या निम्म्या कोकणी मंडळींना वाटली होती, आणि सगळे त्यांना 'वहिनींचे आप्पे' म्हणत होते. मी पिशवी घेऊन दारोदार फिरले. एक गुहागरचे ड्रायव्हर काका तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या आप्प्यांसारखे आप्पे नाहीत. पाण्यात सरळ तळाला जातात." हे कौतुक ऐकून घेऊन मी त्यांच्याकडून तीन आप्पे परत आणले. सगळा ऐवज आणि माझं पात्रसुद्धा डॉक्टरीणबाईंनी एका डब्यात बंद करून फेकायची नीट व्यवस्था केली. ह्यांनी त्या दिवसापासून गळाला एसीचे जुने नट बांधले. माशांनी काही तक्रार केली नाही.

इकडे क्लबात ठरलं, की एका शुक्रवारी सगळ्यांनी फक्त पोलादी छर्रे वापरून बघायचे आणि मग मतदान घ्यायचं. परवान्यांचे ढीगभर कागद करून काडतुसांची एक पेटी मागवली. ती आल्यावर साहेबांनी मला नोटीस सांगितली. सैन्यातला माणूस, शब्दांची उधळपट्टी नाही: येत्या शुक्रवारी मैदानावर लेड आणू नये, हुकमावरून. मी मोठ्या अक्षरांत टाइप करून चहाच्या खोलीत लावली.

आता, इंग्रज लोक कुत्र्याच्या दोरीला लीड म्हणतात हे मला रत्नागिरीत कुणी शिकवलं नव्हतं. आणि कागदावर तिन्ही शब्द एकच: पुढारीपण, शिसं आणि दोरी. मेंबरांच्या बायका कुत्री घेऊन यायच्या आणि क्लबाचा नियम असा, की कुत्रं दोरीला बांधलेलंच हवं. हा नियम त्यांना मुळीच आवडत नसे. नोटीस वाचून त्यांना आनंद झाला.

शुक्रवारी नऊ कुत्री मोकळी आली.

पहिली तबकडी उडाली, एक बार झाला, नेम चुकला, तबकडी लांब जाऊन अखंड वाळूत पडली. एक काळा लॅब्रडोर सुसाट धावला, ती तोंडात धरून घेऊन आला आणि साहेबांच्या बुटांपाशी ठेवली. ते बघून बाकीच्यांनाही उत्साह आला. एका बहारीनी मेंबराचा शिकारी कुत्रा यंत्रातून सुटलेल्या तबकडीमागे असा पळाला की थोड्या वेळानं ठिपका झाला. एक पांढरी झुबकेदार कुत्री मी चहासाठी मांडलेल्या समोशांच्या टेबलावर चढली. बंदुका खाली ठेवा, खाली ठेवा, असा एकच ओरडा झाला.

"दोरी बांधा त्यांना!" साहेब गरजले.

"पण तुम्हीच बंदी केलीत!" एक बाई म्हणाल्या आणि आतून नोटीसच काढून घेऊन आल्या.

साहेबांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"सर, तुम्ही सांगितलंत तसंच टाइप केलंय," मी म्हटलं. नोकरी गेलीच असं मी धरून चालले. तेवढ्यात डॉक्टरीणबाई खुर्चीवरून घसरल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या हसत होत्या. त्यांना उठवायला गेलेले इंजिनियरही हसायला लागले, तरी जाता जाता म्हणालेच, "लिहून घ्या, पोलादानं आज एकही तबकडी फुटली नाही."

पुढच्या शुक्रवारसाठी नवी नोटीस करायची होती. साहेबांनी त्या शब्दाचा धसकाच घेतला होता. त्यांनी शिशाची रसायनशास्त्रातली खूण लिहायला सांगितली: मैदानावर पी. बी. आणू नये. संध्याकाळी एक वयस्क मेंबर लालबुंद होऊन ऑफिसात आले. त्यांची आद्याक्षरं तीच होती. "मी नऊ वर्षं येतोय इथे!" म्हणत त्यांनी राजीनामा टेबलावर आपटला. साहेबांना त्यांच्या घरी जाऊन समजूत काढावी लागली.

शेवटी मी तिसरी नोटीस केलीच नाही. सगळ्या मेंबरांना एकेक फोन करून तोंडानं सांगितलं आणि पोलादी शुक्रवार पार पडला. मतदानात डॉक्टरीणबाई दोन मतांनी हरल्या. पण महिन्यातला एक शुक्रवार पोलादाचा ठेवायचं कमिटीनं मान्य केलं, आणि आम्ही बहारीन सोडेपर्यंत त्या एकाचे तीन शुक्रवार झाले होते. इंजिनियरांनी आजोबांची बंदूक भिंतीवर टांगली आणि पोलाद चालेल अशी दुसरी घेतली. त्या बंदुकीनं त्यांनी पहिल्याच दिवशी पंचविसातल्या बावीस तबकड्या फोडल्या. डॉक्टरीणबाई अभिनंदन करायला पुढे आल्या, तर त्यांच्याकडे न बघता ते मला म्हणाले, "मॅडम, आज वारा फार होता. त्यानंच फुटल्या असतील."

मी तसं टिपून घेतलं.