हनुवटीवरचा मधला ठिपका

माझ्या पत्नीच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते आणि मधल्या ठिपक्याखाली एक आवाळू वाढत होतं. ती आता नाही. तिच्याविषयी लिहायला बसलो की आधी हेच आठवतं, आणि दोन ओळींत मी थकतो.

आवाळू आधी मुगाएवढं होतं, मग हरभऱ्याएवढं झालं. दुखत नव्हतं. पण शेजारच्या बायकांना दुसऱ्याच्या तोंडावरची गाठ स्वस्थ बसू देत नाही. एकीच्या सांगण्यावरून पत्नीनं त्यावर बिब्ब्याचा चटका दिला. बिब्बा उतला, सगळी हनुवटी सुजली, आवाळू होतं तिथंच राहिलं. देऊळगावच्या बाजारात जालन्याकडचा एक म्हातारा जर्राह बसायचा. गळवं चिरण्यात त्याचा हात चांगला होता. त्यानं बोटानं चाचपून पाहिलं.

"मास्तरसाब, ये पकनेवाला फोडा नहीं. इसको छेडो मत."

मला ते पटलं नाही. मी शिकलेला, मोटारीनं तिला बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर नागपूरला शिकलेला, तरुण, सावकाश बोलणारा होता.

"वाईट काही नाही. राहू दिलं तरी चालेल. चिरा देऊन आतलं काढलं तर बसेल, पण पुन्हा भरेल. कायमचं घालवायचं तर आतली पिशवीच काढायला हवी. तिचं तोंड या ठिपक्यातच आहे. तेवढी कातडी जाईल."

"मंग ठिपका?" तिनं विचारलं.

"जाईल. दुसरा गोंदवून घ्या, बाई."

"दुसरा माह्या मायनं गोंदवला असं होईन काय?"

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. ती लहान असताना जानेफळला तिच्या आईनं तिला मांडीवर धरून ते ठिपके गोंदवून घेतले होते. पुढं लवकरच आई गेली. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता. मेल्यावर बाईसोबत फक्त गोंदण जातं, त्यावरून माय लेकीला ओळखते, असं थोरल्या बायकांनी तिला सांगितलं होतं आणि ते तिनं घट्ट धरलं होतं.

तिनं नुसता चिरा देऊन घेतला, ठिपक्याच्या बाजूला. परतताना मी मोटारीत तिला समजावत राहिलो.

"मास्तर माणूस तुमी," ती म्हणाली. "तुमाले सारं पुस्तकात सापडते. माह्या मायचं तोंड सापडते काय कुठं?" आणि हसली. "भरलं तं भरू द्या. ठिपक्याले देवानं पाट देला बसाले."

ते भरलंच. पुन्हा मोटार, पुन्हा धूळ, पुन्हा डॉक्टरची तीच वाक्यं. एकदा ते लाल होऊन ठणकू लागलं, तिला भाकर चावता येईना. डॉक्टरनं आधी ठणका उतरवला आणि काही आठवड्यांनी पिशवी काढायला बोलावलं. तिनं हो म्हटलं. टेबलावर निजली. बधिर करायची सुई जवळ आली तशी उठून बसली, पदर सावरला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

"काऊन उठली?" मी विचारलं.

"चाला घरी."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. मला पटलं म्हणून नव्हे, दमलो म्हणून. आवाळू बोराएवढं होऊन थांबलं. ती लोकांच्या नजरेला सरावली, मीही सरावलो.

या हिवाळ्यात ती तापानं गेली. आवाळूचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. डॉक्टरनंच मला तसं सांगितलं. मी न विचारता.

बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. एका म्हातारीनं हळदीची वाटी घेतली आणि तिच्या चेहऱ्याला माखू लागली. म्हातारीचा हात गालांवरून खाली आला तेव्हा मी पुढं झालो. मेल्यावर कोणी कोणाला ओळखतं, असं मला तेव्हाही वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही.

"हनुवटीला नका लावू, मावशी," मी म्हणालो. "ठिपके दिसू द्या."